चौथ्या क्रमांकाचा एमिल

माझा दीर एमिल हुडाक याला आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक गप्प बसणं, दुसरी बटाटा पातळ सोलणं. त्याच्या सालींवर एखादं डुक्कर पोसलं असतं. तरी दर गुरुवारी सकाळी आठाला तो चर्चच्या तळघरात हजर, कारण वाद घालायला त्या टेबलाइतकी चांगली जागा आमच्या गावात उरलीच नव्हती. पोलादाचा कारखाना बंद झाला, मग त्याच्या फाटकासमोरचा बार बंद झाला, मग न्हाव्यानं दुकान विकलं आणि तो लेकीकडं फ्लोरिडाला गेला. उरलं तळघर.

तिथं आम्ही स्लोव्हाक बायका पिरोही करतो. मैद्याची पारी, आत बटाटा आणि चीज, कडा बोटांनी दाबायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायची. ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी मांस चालत नाही, तेव्हा सगळं गाव आमच्याकडून डझनानं नेतं आणि त्यावर चर्चचं छप्पर दुरुस्त होतं. पारीला पुरुषांचा हात लागू द्यायचा नाही. त्यांना बटाटे. हा नियम कुणी केला ठाऊक नाही, पण बिशपनंसुद्धा तो मोडायची हिंमत केलेली नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात शहराच्या बेसबॉल संघानं एक मोकळा खेळाडू घेतला. मोकळा म्हणजे जुना करार संपलेला, जो बोलावेल त्याच्याकडं जायला रिकामा. प्रूइट त्याचं नाव. खेळायचा चांगला, पण पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्यांच्या पहिल्या टप्प्यावर उभा राहून. आणि पहिल्या बेसवर आमचा हॉलोरन होता. सोळा वर्षं पहिला बेस, सोळा वर्षं फलंदाजीत चौथा. आमच्या गल्लीत तीन कुत्र्यांची नावं हॉलोरन होती आणि हाक मारली की तिन्ही यायची.

तळघरात दुसरा विषय नव्हता.

"हॉलोरनला आठव्यावर टाकायचा," एमिल म्हणाला. त्यानं टेबलावर नऊ बटाटे ओळीनं मांडले होते. हा त्याचा फलंदाजीचा क्रम. लांबोडका पहिला, कारण तो पळतो. मोठा गोल तिसरा. आणि चौथ्या जागी कोंब फुटलेला एक जुना बटाटा, तो हॉलोरन. एमिलनं तो उचलला आणि आठव्या जागी नेऊन ठेवला.

समोर यान फेर्को सोलत होता. एमिलचा लहानपणापासूनचा मित्र, म्हणजे साठ वर्षांत दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं.

"कुणाला टाकायचं म्हणालास?"

"ऐकलंस की."

"सोळा वर्षं ज्यानं गुडघे झिजवले त्याला आठव्यावर? अरे, मग आईलाही सांगशील, म्हातारी झालीस, आता जिन्याखाली झोप."

"माझी आई चौथ्या क्रमांकावर खेळत नव्हती."

"खेळली असती तर तुझ्यापेक्षा बरी खेळली असती," मी म्हणाले. माझी सासूच ती, मला ठाऊक होतं.

बायका हसल्या. एमिल हसला नाही. वादात तो हसत नाही. "चौथा क्रमांक म्हणजे पेन्शन आहे का? पहिल्या तिघांनी बेसवर जायचं आणि चौथ्यानं मारून त्यांची धाव घरी आणायची, एवढंच काम. पूर्वी आणायचा, आता आणत नाही. आणत नसेल त्यानं बाजूला व्हावं. स्वतः होत नसेल तर करावं."

"आणि कारखान्यात?" फेर्कोनं सुरी त्याच्याकडं रोखली. "युनियनच्या सभेत टेबलावर चढून कोण ओरडत होतं, जो आधी आला तो सगळ्यात शेवटी जाईल म्हणून? तिथं सीनियॉरिटी, आणि इथं नाही?"

"क्रेन वेगळी, बॅट वेगळी."

"काय वेगळं?"

"क्रेन कुणीही चालवतं."

एमिलनं बावीस वर्षं क्रेन चालवली होती. बोलून गेला खरा, पण मग बराच वेळ एकच बटाटा सोलत बसला, गोटीएवढा होईपर्यंत. वाद जिंकायचा म्हटला की स्वतःचं काहीही पणाला लावायचं, ही त्याची जुनी खोड. वाद मात्र जिंकला. महिनाभरात शहराच्या संघाच्या मॅनेजरनंही हॉलोरनला आठव्यावर टाकलं. त्या दिवशी एमिल असा चालत होता जणू मॅनेजर त्याला विचारायला आला होता.

आता आमच्या चर्चच्या संघाचं सांगते. पंचावन्नच्या पुढच्या पुरुषांचा, दर मंगळवारी संध्याकाळी. खेळ तोच, चेंडू जरा मोठा, गुडघे जरा जुने. सुरुवातीला तो तरुणांचा संघ होता; माणसं बदललीच नाहीत, म्हणून नियम बदलला. एमिल त्याचा मॅनेजर, पहिल्या बेसवर तोच आणि फलंदाजीत चौथाही तोच. एकतीस वर्षं. वय सहासष्ट. त्याचा चेंडू हल्ली कुठवर जायचा ते मी सांगत नाही. धावांची वही मी लिहिते, आणि वही खोटं बोलत नाही, पण चारचौघांत वाचूनही दाखवायची नसते. वही आधी माझा नवरा लिहायचा. तो गेल्यावर मी घेतली. माझी शाळा सहावीपर्यंतची, पण त्या वहीत अक्षरं कमी आणि खुणा जास्त, म्हणून मला जमलं.

दोन हिवाळ्यांमागं एमिलची बायको ओल्गा गेली. तेव्हापासून रविवारी आणि बुधवारी तो माझ्याकडं जेवतो. जेवताना बोलतो त्यातलं तीन वाटे बेसबॉल आणि एक वाटा मीठ कमी असल्याचं. कारखाना गेला, बायको गेली, पोरं दूर. पण गावात कुणालाही, अगदी नदीपलीकडच्या इटालियनांनाही विचारा, हुडाकांच्या संघात चौथा कोण, तर एमिल. त्याच्यापाशी तेवढंच शिल्लक होतं, आणि हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

ईस्टर झाल्यावर बिशपचं पत्र आलं. टेकडीवरचं क्रोएशियन लोकांचं चर्च बंद. माणसं कमी झाली, तेव्हा त्यांनी जवळच्या कुठल्याही चर्चमध्ये जावं. टेकडीवरच्या बायका रडल्या, आम्हीही त्यांच्यासोबत रडलो, कारण उद्या आपलंही तेच व्हायचं. आमच्या पुरुषांनीही माना खाली घातल्या. आणि माना खाली घातलेल्या असतानाच फेर्को हळूच म्हणाला, "म्हणजे ब्रेझाक मोकळा झाला."

मिर्को ब्रेझाक हा निवृत्त पोस्टमन, टेकडीवरच्या चर्चच्या संघातला. तीस वर्षं टेकड्या चढून-उतरून त्याचे पाय बोकडासारखे झाले होते आणि खांदे पिशवीनं बनवलेले. आमच्या मैदानाला लागून दफनभूमी आहे. तिच्या कुंपणापलीकडं चेंडू मारणारा म्हाताऱ्यांच्या लीगमधला तो एकटा. तो खेळायला आला की आमचे पूर्वज सावध झोपायचे.

आठवड्याभरात त्याच्या ओसरीवर रांग लागली. इटालियनांनी त्याला बिंगोच्या खोलीत हीटरशेजारची खुर्ची कायमची देऊ केली आणि त्याच्या बायकोला गायनात पुढची रांग. एमिलनं माझ्याकडून दोन डझन पिरोही घेतल्या, वर तळलेला कांदा घालायला लावला आणि टाय बांधून गेला. ओल्गाच्या अंत्यविधीनंतर तो टाय मी तेव्हाच पाहिला.

तासाभरात परत आला. रिकामं भांडं टेबलावर ठेवलं.

"काय म्हणाला?"

"येतो म्हणाला."

"मग तोंड असं का?"

"अटी आहेत, वहिनी. बटाटे सोलणार नाही."

"नको सोलू दे. तू सोलतोस ते काय कमी आहे? आणखी?"

एमिलनं टाय सैल केला. "मी म्हटलं, तुम्हाला डावीकडं मोकळं मैदान देतो, भरपूर पळा. तर म्हणाला, मी जन्मात पहिल्या बेसशिवाय कुठं उभा राहिलो नाही. फार नम्रपणे म्हणाला. आणि म्हणाला, फलंदाजीत मी चौथा असतो."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, संघाला विचारून सांगतो."

एकतीस वर्षांत एमिलनं संघाला काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

गुरुवारी तळघरात विषय निघाला. मला वाटलं होतं, फेर्को हॉलोरनचा सूड उगवेल. पण फेर्को हा आधी एमिलचा मित्र आणि मग बाकी सगळं.

"त्या पोस्टमनला सांग, यायचं तर पाचवा ये," फेर्को म्हणाला. "नाहीतर जा म्हणावं इटालियनांकडं, खा मॅकरोनी. चौथा आपला एमिल."

"का?" एमिलनं विचारलं.

"का म्हणजे? एकतीस वर्षं!"

"एकतीस वर्षं म्हणजे काय? पेन्शन आहे का?"

फेर्को गोंधळला. "अरे, मी तुझ्या बाजूनं बोलतोय."

"कुणाच्याही बाजूनं बोल, मुद्द्याचं बोल. मागच्या मोसमात चौथ्यानं किती जणांना घरी आणलं? वहिनी, सांग."

मी म्हटलं, "वही घरी आहे." वही माझ्या पिशवीतच होती.

"मी सांगतो. सहा. सबंध उन्हाळ्यात सहा जण. ब्रेझाकनं एकोणतीस. आता बोल."

"पण संघ तुझा आहे, एमिल! तू बांधलास!"

"हॉलोरनच्या वेळी हेच म्हणालास. तेव्हाही चूक होतं."

"बरं, समजा तू पाचवा. पण पहिला बेस?"

"पाचवा कसा? सहा जणांना घरी आणणारा पाचवा कसा होईल? पाचवा डॉक्टर, सहावा... " बोटांवर मोजत तो आठपर्यंत आला आणि थांबला. पारीच्या कडा दाबणारे सगळ्या बायकांचे हात थांबले होते. "आठवा," एमिल म्हणाला. "आणि उजवीकडं उभा राहीन. तिकडं चेंडू कमी येतो."

फेर्कोनं हात टेकले. "जिंकलास बाबा."

"जिंकलोच," एमिल म्हणाला, आणि खरंच त्या क्षणी त्याचा चेहरा जिंकल्यासारखा होता. आपण काय जिंकलो हे त्याला निघतानाच कळलं असावं, कारण कोट तळघरातच राहिला.

पहिला सामना इटालियनांशीच होता. सामन्याच्या दुपारी एमिल माझ्या स्वयंपाकघरात कार्ड लिहायला बसला. कार्डावर नऊ नावं क्रमानं लिहून पंचाच्या हातात द्यायची असतात. एकदा दिलं की तो क्रम म्हणजे दगडावरची रेघ. एरवी हे काम त्याचं दोन मिनिटांचं. त्या दिवशी तीन नावं लिहिली आणि पेन्सिलीला टोक काढायला उठला. टोक होतं. मग 'ब्रेझाक' लिहिलं. अक्षर इतकं सुबक, जणू लग्नाची पत्रिका. आठव्या ओळीत 'हुडाक' लिहिताना मी भांडी घासायला पाठ वळवली. पाहिलं असतं तर त्याला बोलावं लागलं असतं.

मैदानावर ऊन छान होतं. ब्रेझाक पांढरे मोजे घालून आला, सगळ्यांना हात मिळवला, मलाही. आमची फलंदाजी आधी. पहिला बाद झाला. दुसरा फेर्को, तो कसाबसा पहिल्या बेसवर पोचला. तिसऱ्याचा चेंडू त्यांनी अडवला, तो बाद झाला, पण तेवढ्यात फेर्को दुसऱ्या बेसवर सरकला. दोन बाद, दुसऱ्या बेसवर माणूस. अशा वेळेसाठीच चौथा असतो.

आणि एमिल उठला.

मी वहीतून वर पाहीपर्यंत त्यानं बॅट उचलली होती, दोन बोटांनी टोपी खाली ओढली होती, आणि चालायलाही लागला होता. तिसरा गेला की एमिल उठतो. एकतीस वर्षं त्याचे पाय हेच करत आले होते, पायांना कार्ड वाचता येत नाही. बाकावर कुणी त्याला अडवलं नाही, कारण बाकालाही तीच सवय. ब्रेझाक कुंपणापाशी बॅट फिरवत उभा होता. मॅनेजरच निघालेला पाहून तो मुकाट खाली बसला. नंतर तो मला म्हणाला, त्याला वाटलं, स्लोव्हाक लोकांत पाहुण्याला आधी बसवून ठेवायची रीत असेल.

आमच्या खेळात याला नियम आहे. चुकीचा माणूस पाळीला आला तर समोरच्या संघानं दाद मागायची. मग ज्याची खरी पाळी होती तो बाद, आणि चुकीच्या माणसानं मारलेलं सगळं रद्द. पण दाद पुढचा चेंडू पडायच्या आत मागायची. पुढचा चेंडू पडला की चूक तीच बरोबर. आणि पंचानं किंवा वही लिहिणारीनं तोंड उघडायचं नाही. मी जीभ दातांखाली धरली. पंचानं कार्डाकडं पाहिलं, एमिलकडं पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडं पाहत राहिला.

चेंडू टाकायला त्यांचा मॅनेजर नुन्झियो. वीस वर्षं तो एमिलला चेंडू टाकतोय. "आलास का, म्हातारड्या बोकडा," त्यानं नेहमीची ओवी म्हटली आणि चेंडू टाकला.

एमिलनं तो असा मारला, की तसा त्याच्या बॅटचा आवाज मी ओल्गा असतानाच शेवटचा ऐकला होता. चेंडू त्यांच्या दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून थेट कुंपणापर्यंत. फेर्को लंगडत, ओरडत घरी आला. एमिल पहिला बेस ओलांडून दुसऱ्यावर पोचला, उभ्यानं पोचला, आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला. आमचा सगळा बाक उभा. मीही लिहिलं, खूण ठसठशीत आली. एमिलनं बाकाकडं पाहून टोपी उंचावली.

तिथं सगळे नाचत होते आणि एकटा ब्रेझाक बॅट घेऊन उभा होता, आता तरी जाऊ का अशा चेहऱ्यानं.

एमिलची टोपी वरच राहिली.

नुन्झियोला काही कळलेलं नव्हतं. तो चेंडू पँटला पुसत स्वतःलाच शिव्या देत होता. एक चेंडू पडू दे, फक्त एक, मी मनात म्हणत होते. वही लिहिणारीला मनात म्हणायला बंदी नाही. नुन्झियोनं हात उचलला.

"थांबा!" एमिल ओरडला आणि दुसऱ्या बेसवरून चालत त्याच्याकडं गेला. "नुन्झियो, दाद माग."

"कसली?"

"मी चुकीच्या पाळीला आलो. मी चौथा नाही."

"तू चौथा नाहीस?" नुन्झियो हसला. "मग चौथा कोण, पोप?"

"ब्रेझाक. मी आठवा."

"एमिल, ऊन लागलंय तुला. पाणी पी आणि बेसवर जा."

"दाद माग म्हणतोय ना!"

"नाही मागत जा! वीस वर्षं चौथा म्हणून तुला शिव्या घातल्या. आठव्याला कोण शिव्या घालतं?"

फेर्को बाकावरून किंचाळला, "एमिल! मुकाट मागं फिर, नाहीतर बॅट घेऊन येतो!"

"नियम आहे," एमिल म्हणाला.

"नियम म्हणतो समोरच्यानं मागायची! समोरचा मागत नाहीये! तू कशाला त्याची वकिली करतोस?"

पाच मिनिटं चाललं. स्वतःला बाद करून घेण्यासाठी एमिलनं नुन्झियोशी असा वाद घातला की मी तळघरातसुद्धा तसा ऐकला नव्हता. इतिहास काढला, नियमाचा क्रमांक काढला, नुन्झियोच्या बापाचा प्रामाणिकपणा काढला. शेवटी, एमिलशी वाद घालणाऱ्या सगळ्यांचं होतं तेच नुन्झियोचं झालं. तो थकला. पंचाकडं वळून म्हणाला, "बरं बाबा, मागतो दाद. करा बाद, म्हणजे आम्हाला जेवायला घरी जाता येईल."

पंचानं कार्ड वर धरलं. "ब्रेझाक, बाद. धाव रद्द. डाव संपला."

"मी?" ब्रेझाक म्हणाला. "मी तर बसलो होतो."

"म्हणूनच," पंच म्हणाला.

एमिल माझ्यापाशी आला. "वहिनी, पूस."

"पुसते."

"नीट पूस."

मी नीट पुसलं. चुरा फुंकून टाकला आणि त्या जागी लिहिलं, ब्रेझाक बाद. बॅट न उचलता बाद झालेला आमच्या वहीतला तो पहिला माणूस. पुढं ब्रेझाकनं दोन जबरी मारले, एक दफनभूमीत. एमिल आठव्यावर दोनदा आला; एकदा वाईट चेंडूंमुळं चालतच बेस मिळाला, एकदा बाद. आणि आम्ही चारास पाच असे हरलो.

गाड्यांपाशी फेर्को एमिलला गाठून म्हणाला, "एका धावेनं हरलो आपण. ती कुणाची, सांगू?"

"ती धाव नव्हतीच."

"नव्हती? पळालं कोण? हा माझा गुडघा बघ, याला विचार, धाव होती का नव्हती!"

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, एमिल जेवायला आला. सूप संपेपर्यंत बोलला नाही. मी मुद्दाम मीठ कमी घातलं होतं, तरी नाही. शेवटी मीच विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तू का सांगितलंस?"

"फेर्कोमुळं," तो म्हणाला. "वादात सोडलेलं मैदानात चोरून परत घेतलं, असं तो मरेपर्यंत म्हणाला असता."

"फेर्को तर तुला मागं फिर म्हणत होता."

"हो ना." तो ताटातल्या पावाचे तुकडे करत राहिला. "तिथं उभा होतो ना, वहिनी, तेव्हा वाट बघत होतो, कुणीतरी ओरडेल. कुणीच ओरडलं नाही. नुन्झियोसुद्धा नाही. किती बरं वाटलं. म्हटलं, आता हे असंच बरं वाटत राहिलं तर पाय मंगळवार-मंगळवार तिकडंच जाणार." मग म्हणाला, "सूप पांचट आहे." मी मीठ पुढं केलं.

गुरुवारी तळघरात दोन तट पडले. अर्धे म्हणाले एमिल संत आहे, अर्धे म्हणाले गाढव आहे, आणि फादर म्हणाले की दोन्हीत विरोध नाही. मध्येच जिन्यावरून ब्रेझाक उतरला.

"तुम्हाला बटाटे माफ आहेत ना?" मी विचारलं.

"ऐकायला आलोय. नुसतं बसून ऐकलं की झोप येते." त्यानं सुरी घेतली आणि साल अशी काढली की आरपार दिसावं. मग एमिलला म्हणाला, "मॅनेजर, या मंगळवारी मी नक्की कितवा ते आत्ताच सांगा. बसायचं असलं तर उशी आणतो."

"चौथा," एमिल म्हणाला.

"पायांना सांगितलंय?"

एमिल हळूहळू लाल झाला. त्याला उत्तर सुचलं नाही. असं होताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि फेर्कोनंही, कारण त्याचा जबडा उघडाच राहिला.

मंगळवारी समोर अग्निशामक दलाचे म्हातारे होते. पहिला बेसवर गेला, फेर्को बाद झाला, तिसरा बाद झाला. मी वहीवर पेन्सिल टेकवली आणि डोळ्यांच्या कडेनं पाहिलं. एमिल उठला.

फेर्कोनं त्याचा पट्टा धरायला हात पुढं केला आणि पुन्हा मागं घेतला. एमिलनं बॅट उचलली, टोपी दोन बोटांनी खाली ओढली. दोन पावलं मैदानाकडं गेला. मग वळला, कुंपणापाशी गेला आणि ब्रेझाकच्या हातात बॅट दिली.

"जा," तो म्हणाला. "तुमची पाळी."

"माझी बॅट आहे की हातात."

"ही घ्या. हिला रस्ता माहीत आहे."

ब्रेझाक गेला. सगळ्यांचे डोळे कुंपणाकडं, दफनभूमीकडं. पहिलाच चेंडू त्यानं असा मारला की तो थेट चेंडू टाकणाऱ्याच्या पोटात जाऊन बसला. बाद. डाव संपला.

"हे काय?" एमिल बाकावर चढला होता. "चौथा पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतो? बेसवर माणूस उभा आहे, जरा वाट बघायची! खांदा आधी उघडलात तुम्ही! पांढरे मोजे घालून काय होतं, पाय रोवायला नकोत? इकडं या, इकडं या, दाखवतो. फेर्को, हसू नकोस, तुझ्यावरही येतोय मी!"

ब्रेझाक परत येईपर्यंत तो बोलत होता, ब्रेझाकनं हातमोजा चढवून पहिल्या बेसवर जाईपर्यंत त्याच्या मागं चालत बोलत होता, आणि मग उजवीकडं लांब आपल्या जागेवर उभा राहून तिथूनही ओरडत होता. त्यांचा डाव संपला तेव्हा ब्रेझाक घाम पुसत माझ्याशेजारी येऊन बसला.

"वहिनी," त्यानं हळूच विचारलं, "हे नेहमीच इतकं बोलतात का?"

"नाही हो," मी म्हटलं, "पूर्वी त्याला स्वतःच्या पाळीची काळजी असायची."